झेडपीच्या शिक्षकांना इंग्रजीसाठी लांबून मदत: कुणाचा काय अनुभव?

खडूची_पूड
नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडच्या काही झेडपी शिक्षकांना मी इंग्रजीच्या तासासाठी फोनवरून मदत करते. पगारी काम नाही. कॉलेजातली नोकरी संपली, हाताशी वेळ होता आणि ओळखीच्या एका केंद्रप्रमुखांनी (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटावर, 'केंद्रा'वर, देखरेख ठेवणाऱ्यांनी) "आमच्या बायांशी जरा बोला मॅडम" म्हणून गळ घातली. आता एका संस्थेला ह्याचं 'मॉडेल' करायचंय. म्हणजे ॲप, डॅशबोर्ड, प्रमाणपत्र आणि पहिल्या टप्प्यात पाचशे शिक्षक. लवकरच बैठक आहे. नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही, म्हणून इथे टाकतेय. झोडपायचं असेल तर खुशाल झोडपा.

आधी पार्श्वभूमी. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा वर्गात उभे असलेले बहुतेक गुरुजी-बाई स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, तेही ओळीखाली मराठी अर्थ लिहून. डीएड मराठीतून. प्रशिक्षणं झाली, नाही असं नाही. पण तालुक्याचं प्रशिक्षण संपवून बाई शाळेत परतल्या की पुन्हा एकट्याच. द्विशिक्षकी शाळेतले दुसरे गुरुजी एक तर मीटिंगला नाहीतर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामावर. अडलं तर विचारायचं कुणाला?

आमची पद्धत साधी आहे. एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सात-आठ शिक्षक, जास्त नाहीत. आठवड्यात एकदा प्रत्येकाने वर्गातलं चार-पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग मला एकटीला पाठवायचं. फक्त आवाज, व्हिडिओ नाही. मी ते ऐकते आणि व्हॉइस नोटने उत्तर देते. त्यात एकच गोष्ट सांगायची, दोन नाही. पुढच्या वेळी तेवढंच बदललेलं ऐकायचं. ग्रुपवर फक्त सगळ्यांच्या कामाचं काही असेल ते जातं. सुप्रभात-शुभरात्री बंद. साहेब लोक ग्रुपमध्ये नाहीत, हा नियम शिक्षकांनीच घातला आणि तो सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

एक उदाहरण देते. एका बाईंचं पहिलं रेकॉर्डिंग: "व्हॉट इज धिस?" आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच "धिस इज अ गोट, से!" मुलं कोरसमध्ये "गोSट". सगळी मिनिटं अशीच. मुलांना काही येतं का नाही, हे त्यातून कळायला मार्गच नाही. मी एवढंच सांगितलं, की प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीन अंक मोजा, आणि ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही असा एक तरी प्रश्न विचारा. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये बाईंनी एका पोराला विचारलं, "हाउ मेनी गोट्स डू यू हॅव?" शांतता. मागे कुणीतरी खोकलं. मग पोरगं म्हणालं, "फोर. टू बेबी." व्याकरणाच्या नावाने बोंब, पण ते पोरगं इंग्रजीत काहीतरी *सांगत* होतं. बाईंनाही ते कळलं, कारण पुढे त्यांच्या हसण्याचा आवाज आहे.

माझं म्हणणं एवढंच की ही मदत चालते ती पलीकडे एकच ओळखीचं माणूस ऐकतंय म्हणून. पाचशे शिक्षक आणि एक डॅशबोर्ड झालं की ऐकणारं कुणी उरत नाही, मोजणारे उरतात. पटतंय का? की मी आपली माझ्या छोट्या दुकानाच्या प्रेमात पडलेय?

टेकाडे_भाऊजी
एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर इंग्रजी शिकवण्याचे हजारो व्हिडिओ फुकट आहेत. ज्याला शिकायचंय तो शिकतो.

सातपुड्याची_सून
@टेकाडे_भाऊजी, शाळा सुटल्यावर घरी येऊन चूल पेटवून, पोरांचा अभ्यास घेऊन, रात्री दहाला शालेय पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरून मग हजारातला कुठला व्हिडिओ बघायचा तेही तुम्हीच सांगा की.

मी झेडपीत आहे. करोनात शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि मग वेबिनारांचा जो पूर आला, तो आठवला तरी अंगावर काटा येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं शिक्षकांसाठीचं 'निष्ठा' प्रशिक्षण दीक्षा ॲपवर आलं. एकेक मॉड्यूल पूर्ण करायचं, शेवटी प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र उतरवायचं, केंद्राच्या ग्रुपवर टाकायचं. मजकूर वाईट होता असं मी म्हणणार नाही, काही मॉड्यूल खरंच छान होती. पण व्हिडिओ चालू करून भाजी चिरणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत, त्यातली एक मीच. प्रश्नांची उत्तरं आधीच ग्रुपवर फिरायची. रोजचा निरोप एकच: "लिंक भरली का? तातडीचे." आमच्याकडे ऑनलाइन म्हटलं की डोळ्यांपुढे ही 'लिंक' येते, मदत नाही.

मॅडम, तुमचं आठ जणांचं आणि साहेब नसलेलं पटलं. कारण सांगते. इंग्रजी शिकवता येत नाही हे आम्ही कबूल करू, पण इंग्रजी *येत* नाही हे शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, चाळीस जणांसमोर कोण म्हणेल? 'ऑफन'मधला 'टी' बोलायचा का, असं साधं विचारायचं तरी लाज वाटते. फोनवर एकट्यात विचारता येतं. लांबून असण्याचा हा फायदा आहे, आणि ह्याबद्दल कुणी लिहीत नाही.

निवृत्त_मास्तर
लांबून मदत ही काय आजची गोष्ट आहे होय. हैदराबादचं सीआयईएफएल, ज्याला आता इफ्लू म्हणतात, तिथून आम्ही पत्रद्वारा पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र कोर्स, केला. असाइनमेंट टपालाने जायच्या. परत यायला बराच काळ लागायचा, पण समासात बारीक अक्षरात शेरे असायचे: "हे उदाहरण तुमच्या वर्गातलं आहे का पुस्तकातलं?" तो शेरा वाचून मी पुस्तकातली उदाहरणं देणं सोडलं. इंटरनेट कुठे होतं?

दुसरं रेडिओ. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस ह्या संस्थेचा 'वुई लर्न इंग्लिश' कार्यक्रम आकाशवाणीवरून लागायचा. त्यात मधे जागा सोडलेली असे, मुलांनी आणि बाईंनी तिथे बोलायचं. गंमत अशी की मुलांसाठी म्हणून असलेल्या त्या कार्यक्रमाने शिक्षकांचंच इंग्रजी सुधारलं. मुलांबरोबर बाई पण म्हणायच्या, कुणाला लाज वाटायची नाही. रेडिओ मात्र बाईंना ऐकू शकत नव्हता. तुम्ही ती उणीव भरून काढताय.

आकडेमोड
भावना समजतात, पण पुरावा बघूया. दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतात नेमकी हीच तुलना झाली. प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे दोन गट. दोघांना पाठांचे आराखडे सारखेच. एका गटाकडे मार्गदर्शक प्रत्यक्ष वर्गात जायचा. दुसऱ्या गटाला टॅबलेट आणि फोनवरून मार्गदर्शक. पहिल्या वर्षाअखेर दोन्ही गट साधारण सारखे दिसले आणि ऑनलाइनवाले खूश झाले. तीन वर्षांनी चित्र पालटलं. मार्गदर्शक भेटी द्यायचा त्या शाळांतली मुलं इंग्रजी बोलण्यात आणि वाचण्यात पुढे गेली. लांबून मदतीच्या शाळांत बोलण्यात थोडा फरक, वाचनात काहीच नाही, उलट मातृभाषेच्या वाचनात पीछेहाट. २०२२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

म्हणजे एका वर्षाच्या यशावर 'मॉडेल' उभं करू नये. हे तुमच्या संस्थेला लागू आहे आणि तुम्हालाही लागू आहे, मॅडम.

खडूची_पूड
@आकडेमोड, हे वाचून बरं वाटलं नाही पण उपयोग झाला. वाचनाचं मला पटतं. आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये बोलणं ऐकू येतं. मागच्या बाकावरची पोरगी पुस्तक उलटं धरून बसलीय हे कसं ऐकू येणार? वर्गात जाणाऱ्याला ते दारातूनच दिसतं. मी त्या शाळांवर अधूनमधून जाते, आणि गेल्यावर जे दिसतं त्याने पुढच्या कितीतरी व्हॉइस नोट सुधारतात.

पण एक विचारते. तिथल्या मार्गदर्शकाकडे शिक्षक किती होते आणि शिक्षकांनी स्वतःचा वर्ग ऐकवला होता का, की नुसते फोन आणि मेसेज?

आकडेमोड
संवाद टॅबलेट, फोन आणि मेसेजवरून होता. वर्गाची रेकॉर्डिंग नियमाने ऐकली जात असं काही माझ्या वाचनात नाही. तेव्हा तुमची पद्धत वेगळी आहे असं म्हणायला जागा आहे. पण वेगळी म्हणजे चांगली हे सिद्ध व्हायचंय अजून. :)

पुणेरी_पाटी
मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी हवंच कशाला? मुळावर घाव घाला.

सातपुड्याची_सून
@पुणेरी_पाटी, नवा धागा काढा, तिथे येऊन भांडते. इथे अवांतर नको. ते हवं की नको हे मला कुणी विचारलेलं नाही, उद्या पावणेअकराला तास मात्र मलाच घ्यायचाय.

टॅगवाली
मी 'तेजस'मध्ये होते, माझे दोन पैसे. २०१६ पासून राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स ह्यांनी मिळून नऊ जिल्ह्यांत हा प्रकल्प राबवला. जवळपासच्या शाळांतल्या इंग्रजी शिकवणाऱ्यांचे 'टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप', आमच्या भाषेत टॅग. ठरावीक काळाने भेटायचं, एखादा वर्गाचा व्हिडिओ बघायचा, त्यावर बोलायचं, काय करून बघणार ते ठरवायचं. दोन भेटींच्या मधल्या काळात व्हॉट्सॲप.

मला ह्यातून एक गोष्ट पक्की कळली. व्हॉट्सॲप जिवंत राहायचं ते भेट झालेली असायची म्हणून. माणसं एकमेकांना ओळखायची, कुणाचा आवाज कसा, कोण थट्टा करतं, कोण खरं बोलतं. भेटी लांबल्या की ग्रुपवर फुलांचे फोटो आणि वाढदिवस सुरू. आणि ग्रुप मोठा झाला की चारच माणसं बोलतात, बाकीचे अंगठा दाखवतात. तेव्हा ग्रुपची मर्यादा २५६ होती, आता हजाराच्या वर गेलीय. शिकण्यासाठी ह्याचा काडीचा उपयोग नाही. आठ जणांत गप्प बसणारा लगेच लक्षात येतो.

फक्त एक: सगळं तुमच्यावर का अवलंबून? आमच्यात समन्वयक शिक्षकांतलाच असायचा. तुम्ही उद्या आजारी पडलात तर?

माँटेव्हिडिओ_रिटर्न
लई भारी धागा. माझा शिक्षणाशी संबंध नाही, पण टीसीएसच्या कामानिमित्त उरुग्वेत होतो आणि तिथली एक गोष्ट इथे अगदी चपखल बसते. त्या देशात इंग्रजी शिकवणारे प्राथमिक शिक्षक पुरेसे नव्हते. २०१२ पासून त्यांनी 'सेइबाल एन इंग्लेस' सुरू केलं. चौथी ते सहावीच्या वर्गात भिंतीवर मोठा पडदा, त्यावर दुसऱ्या शहरातली किंवा दुसऱ्या देशातली इंग्रजीची शिक्षिका. अर्जेंटिनातून, अगदी फिलिपिन्समधूनसुद्धा. आठवड्यात एक तास ती घेणार, उरलेले तास वर्गाची स्वतःची बाई घेणार, जिला इंग्रजी फारसं येत नाही.

पडद्यावरची बाई सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. पण खरी मेख त्या दोघींच्या दर आठवड्याच्या बोलण्यात आहे. मुलं कुठे अडली, पुढचा तास कसा घ्यायचा, हे दोघी ठरवतात. वर्गातल्या बाईने 'मला येत नाही, मी मुलांबरोबर शिकतेय' असं उघड म्हणायचं, हे तिथे योजनेतच धरलेलं होतं.

अर्थात तिथे प्रत्येक मुलाला सरकारने लॅपटॉप दिला होता आणि शाळांना फायबर. सगळा देश मिळून आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी लोकसंख्या. थेट उचलून इथे आणता येणार नाही.

धडगावचा_गडी
सगळे छान छान बोलताय, रेंजचं कोण बोलणार? आमच्या पाड्यावर शाळेत नेटवर्क नाही. टेकडीवर एका आंब्याखाली एक-दोन कांड्या येतात. तिथे उभं राहून हजेरी पाठवायची. पडद्यावरची बाई म्हणे!

आकडेमोड
@धडगावचा_गडी, ह्याला बांगलादेशाने चांगलं उत्तर काढलं होतं. 'इंग्लिश इन ॲक्शन', २००८ ते २०१७, ब्रिटिश सरकारच्या पैशाने. शिक्षकाच्या मोबाइलमध्ये मेमरी कार्ड घालून दिलं, त्यात वर्गांचे व्हिडिओ आणि मुलांना ऐकवायचे आवाज, सोबत छोटा स्पीकर. इंटरनेटची गरजच नाही. आणि एका शाळेतले दोन शिक्षक जोडीने घ्यायचे, म्हणजे एकाने करायचं, दुसऱ्याने बघायचं. अधूनमधून जवळच्या शाळांतल्यांनी एकत्र जमायचं. लांबून मदत म्हणजे थेट प्रक्षेपणच असलं पाहिजे असं नाही.

खडूची_पूड
@धडगावचा_गडी, म्हणूनच आम्ही व्हिडिओ ठेवला नाही. मिनिटभराची व्हॉइस नोट शे-दोनशे केबीत मावते, तेवढाच व्हिडिओ कित्येक एमबी खातो. आमच्यातल्या दोघींच्या शाळेत रेंज नाही. त्या रेकॉर्ड करून ठेवतात, घरी पोचल्यावर फोन आपोआप पाठवतो. माझं उत्तर त्या सकाळी एसटीत ऐकतात. उत्तर लगेच मिळत नाही ह्याचं कुणाला वाईट वाटलेलं नाही. ते पुढच्या तासाच्या आधी पोचलं म्हणजे झालं.

@टॅगवाली, तुमचा प्रश्न बोचला. आता दोघी जुन्या बाई दुसऱ्यांची रेकॉर्डिंग ऐकू लागल्यात. पहिल्या वेळी त्यांनी अकरा चुका काढल्या, जशा आपल्या वेळच्या तपासणीत काढायचे. एकच सांगायची, ही सवय लागायला वेळ जातो.

कायद्याचं_बोला
एक सूचना. मुलांचे आवाज रेकॉर्ड होतायत आणि कुणाच्या तरी फोनमध्ये साठतायत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आठ बायांच्या ग्रुपमागे कुणी लागणार नाही, पण संस्थेने पाचशे शिक्षकांच्या वर्गाचे आवाज सर्व्हरवर ठेवले की तो वेगळा मामला होईल. बैठकीत हे जरूर विचारा: रेकॉर्डिंग कुठे राहणार, किती दिवस, कोण ऐकणार. पालक सभेत साध्या मराठीत सांगून सह्या घ्या, आणि ऐकून झालं की पुसून टाका.

खडूची_पूड
हे सोन्यासारखं सांगितलंत. पुसते मी, पण पालकांची संमती सभेत तोंडीच घेतलीय, ती आता लेखी घेते.

मेलबर्नकर_मेधा
मी इथे शाळेत शिकवते, मराठी घरची. मला आठवड्यातून दोन तास देता येतील. पण भारतातले मित्र म्हणतात, तुझे उच्चार ऐकून बाया बिचकतील. खरंय का?

सातपुड्याची_सून
मेधाताई, उच्चारांनी नाही बिचकणार. तुम्ही 'वंडरफुल! अमेझिंग!' म्हणत राहिलात तर बिचकू. आणि एकदम इंग्रजीत सुरू करू नका. पहिली व्हॉइस नोट मराठीत, मग हळूहळू. वर्गात साठ मुलं असतात किंवा चार इयत्ता एकत्र असतात, हे आधी विचारून घ्या. "मुलांना गटात बसवा" सांगाल आणि खोलीत मुंगीला जागा नसेल.

निवृत्त_मास्तर
ह्यावरून शिक्षणतज्ज्ञ सुगता मित्रांचा 'ग्रॅनी क्लाउड' आठवला. २००९ पासून परदेशातल्या आजीबाई स्काइपवर इकडच्या मुलांशी गप्पा मारायच्या. फलटणला कमला निंबकर बालभवनातही त्यांचं केंद्र होतं. मुलांना मजा यायची. पण तो मुलांसाठी होता. मेधाताई शिक्षकांशी बोलल्या तर त्याचा फायदा दर वर्षीच्या नव्या मुलांना होईल.

खडूची_पूड
बैठकीसाठी माझं आता असं ठरलंय. पाचशे शिक्षक हवेत तर साठेक ऐकणारे लागतील, आणि ते शिक्षकांतूनच तयार करायचे. पैसा ॲपवर नको, त्यांच्या मानधनावर आणि प्रवासावर घाला. दर सत्रात निदान एक प्रत्यक्ष भेट. डॅशबोर्ड हवाच असेल तर त्यावर कुणी किती ऐकलं ते दाखवा, शिक्षकाने किती 'पूर्ण' केलं ते नको. साहेबांना रेकॉर्डिंग मिळणार नाही. प्रमाणपत्र नको.

सातपुड्याची_सून
शेवटच्या वाक्याला विरोध. प्रमाणपत्र नको म्हणणं तुम्हाला परवडतं मॅडम. आम्ही हे सगळं घरच्या वेळात करतो. कागद नको तर नको, पण मग महिन्याच्या शिक्षण परिषदेतला तासभर ह्याला धरा. फुकटात उत्साह किती दिवस टिकणार? तुमच्यातल्या किती बाया मधेच गळाल्या तेही इथे सांगा की.

खडूची_पूड
गळाल्या ना, तिघी. एकीची बदली, दोघींना वेळ जमेना. शिक्षण परिषदेच्या तासाचा मुद्दा घेतला. केंद्रप्रमुखांशी बोलते, ते मनावर घेतील. पण त्यांच्याकडे दुसऱ्या केंद्राचाही कार्यभार आहे, तिथलं पद रिकामं आहे. तिकडे कुणाला पकडायचं कळत नाही.

टॅगवाली
डायटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) इंग्रजीच्या विषय सहायकांना पकडा. लेखी अर्ज करा, तोंडी बोलून सोडू नका.

आकडेमोड
आणि संस्थेला सांगा, वर्षाअखेरीला नाही, तिसऱ्या वर्षी मुलांचं *वाचन* तपासा. मुलांना काय येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा साधं इंग्रजी वाक्य वाचू शकत होता, आणि २०१६ लाही तेवढाच. मधल्या सहा वर्षांत ऑनलाइन प्रशिक्षणं काही कमी झाली नाहीत.

धडगावचा_गडी
मॅडम, मला घेता का ग्रुपात? पुरुष चालतो ना? बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातो, तिथे रेंज असते, तेव्हाच रेकॉर्डिंग पाठवीन. उत्तर पुढच्या बाजारी ऐकीन.

खडूची_पूड
चालतो की! मेधाताईंनाच देते तुम्हाला, त्यांचाही श्रीगणेशा होईल. पहिली-दुसरी एकत्र आहे का तुमच्याकडे? किती मुलं? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

धडगावचा_गडी
पहिली ते चौथी, एकोणीस. पावसाळ्यात दहा. व्यनि केला.